मृत्यूची बातमी आणि मृत्यूचा तपशील

(इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. पालकांनीही अवश्य वाचावे.)



या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय जड आहे. तरी तो आम्ही मुद्दाम घेतला, कारण मोबाईलच्या पडद्यावरून तो मुलांपर्यंत आमच्या आधीच पोहोचलेला असतो. एखादा नट, गायिका किंवा खेळाडू गेला की तासाभरात बातमी येते आणि तिच्या मागोमाग तपशिलांचा लोंढा सुरू होतो. शेवटचा फोन कुणाला केला, खोलीत काय सापडले, घरच्यांपैकी कोण रडले आणि कोण रडले नाही. यातले किती आपल्याला कळायला हवे आणि किती सांगणे माध्यमांना शोभते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत बातमी लिहायला शिकवताना 'छह ककार' सांगतात: क्या, कौन, कहाँ, कब, क्यों, कैसे. गंमत अशी की मराठीतही हे सहा प्रश्न 'क'नेच सुरू होतात: काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसे. (इंग्रजीवाल्यांना मात्र पाच 'डब्ल्यू' आणि एक 'एच' अशी जुळवाजुळव करावी लागते.) पूर, निवडणूक, क्रिकेटचा सामना, कोणतीही बातमी घ्या, हे सहा प्रश्न तिला लागू पडतात. मृत्यूच्या बातमीत मात्र ते एका पंगतीत बसत नाहीत. काय झाले, कोण गेले, कुठे गेले, हे जाणण्याचा वाचकाला हक्क आहे. 'केव्हा' सांगायचे याला एक अट आहे. आणि 'का' व 'कसे' या दोघांना तर उंबरठ्यावरच थांबवून विचारावे लागते की बाबांनो, आत तुमचे काय काम आहे?

आधी 'केव्हा' घेऊ.

आपले इंदूर हिंदी पत्रकारितेचे जुने केंद्र. मराठी घरातले राहुल बारपुते, तसेच राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी ही मंडळी येथल्या 'नई दुनिया'त होती. त्या काळी छपाईची वेळ ठरलेली असे. संध्याकाळी गेलेल्या माणसाची बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला मिळे. मधल्या तासांत घरच्यांना कळे, नातेवाईक गाडीत बसत, बातमीदाराला खात्री करायला सवड मिळे. त्या उशिरामुळेच निम्मी सभ्यता आपोआप सांभाळली जाई. आता तो उशीर उरला नाही, म्हणून सभ्यता प्रयत्नाने सांभाळावी लागते.

ती न सांभाळल्याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. नोव्हेंबर 2022 मध्ये ज्येष्ठ नट विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात अत्यवस्थ होते. ते गेल्याची बातमी पसरली, चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांनी श्रद्धांजली वाहिली, आणि घरच्यांना पुढे येऊन सांगावे लागले की ते जिवंत आहेत, उपचार चालू आहेत. त्यानंतर 26 नोव्हेंबरला ते खरोखरच गेले. तीन वर्षांनी, 11 नोव्हेंबर 2025 रोजी, धर्मेंद्र यांच्या बाबतीत हेच झाले. ते उपचार घेत असताना ते गेल्याच्या बातम्या झळकल्या. हेमा मालिनी आणि त्यांची कन्या ईशा यांना जाहीरपणे खंडन करावे लागले. धर्मेंद्र घरी परतले आणि 24 नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्या मुलीला त्याच माणसाच्या निधनाची बातमी फोनवर यावी, याची कल्पना करून पाहा. आपल्याकडे कुणी आजारी असताना 'गेले' हा शब्द घरात कुजबुजायलाही लोक कचरतात. येथे तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत होता.

बातमी खरी असली तरी 'केव्हा'ची अट सुटत नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट 26 जानेवारी 2020 रोजी हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि इतर सात जणही त्यात गेले. एका मनोरंजन वृत्तसंस्थेने ही बातमी सर्वांच्या आधी दिली. सर्व कुटुंबांना अधिकृतपणे कळवण्याआधीच ती जगभर झाली होती आणि तेथील शेरीफने त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ब्रायंटच्या पत्नीने पुढे न्यायालयीन जबाबात सांगितले की खात्रीची खबर मिळण्याआधीच त्यांच्या फोनवर पतीला श्रद्धांजली वाहणारे संदेश दिसू लागले होते. याहून वाईट पुढेच घडले. अपघातस्थळी गेलेल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांनी मृतांची छायाचित्रे स्वतःच्या फोनवर घेतली आणि एकमेकांना दाखवली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून असे छायाचित्र घेणे गुन्हा ठरवले, आणि ऑगस्ट 2022 मध्ये ज्युरीने ब्रायंटच्या पत्नीला 1 कोटी 60 लाख डॉलर भरपाई द्यावी असा निर्णय दिला. त्या छायाचित्रांपैकी एकही वर्तमानपत्रात छापले गेले नव्हते, हे लक्षात घ्या. शिक्षा झाली ती नुसते घेण्याची आणि इकडून तिकडे दाखवण्याची. 'आम्ही काही छापले नाही, फक्त पुढे पाठवले' असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत लिहून ठेवावे.

आता 'कसे'.

श्रीदेवी 24 फेब्रुवारी 2018 रोजी दुबईत गेल्या. सुरुवातीस हृदयविकाराचा झटका असे सांगितले गेले. नंतर तेथील तपासणीत हॉटेलच्या स्नानगृहातील टबात अपघाताने बुडून मृत्यू, असा निष्कर्ष निघाला आणि 27 तारखेला दुबईच्या अधिकाऱ्यांनी प्रकरण बंद केले. म्हणजे संशयाला जागा होती ती जेमतेम तीन दिवस. त्या तीन दिवसांत आपल्या वाहिन्यांनी काय केले? पडद्यावर टबाचे चित्र काढून त्यात श्रीदेवींची प्रतिमा ठेवली. टबाच्या लांबी-खोलीवर चर्चा झडल्या. एका वाहिनीचा वार्ताहर तर स्वतः टबात जाऊन झोपला आणि बुडणे कसे होते ते त्याने दाखवले. पन्नास वर्षांची कारकीर्द असलेल्या, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा किती भाषांत काम केलेल्या कलावंत बाईची ओळख तीन दिवस एका टबापुरती उरली. तिच्या दोन मुली तेव्हा विशीच्या आसपास होत्या. कुटुंबाने नंतर निवेदन काढून विनंती केली की आम्हाला आमचे दुःख खासगीत करू द्या.

या सर्व खटाटोपातून प्रेक्षकाला कळले ते काय? निष्कर्ष एका वाक्याचा होता आणि तो तपास यंत्रणेने दिला. वार्ताहराने टबात झोपून तपासात काडीचीही भर घातली नाही.

'का' या प्रश्नाचे प्रकरण याहून गंभीर आहे, आणि येथे आम्ही मुलांना जरा सावकाश वाचायला सांगू.

सुशांतसिंह राजपूत 14 जून 2020 रोजी मुंबईत गेला. वय 34. त्याच दिवशी त्याच्या पार्थिवाची छायाचित्रे मोबाईलवर फिरू लागली, इतकी की महाराष्ट्र सायबर विभागाला ती पुढे पाठवू नका, पाठवली असतील तर काढून टाका, असे जाहीर आवाहन करावे लागले. शाळा तेव्हा बंद होत्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपवर चालला होता. आमच्या ओळखीतल्या एका पालकगटात गणिताच्या गृहपाठाच्या खालोखाल ते छायाचित्र येऊन पडले. पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, खाली हात जोडलेली दोन चिन्हे होती. पण तो फोन घरोघरी मुलांच्याच हातात होता.

पुढचे काही महिने 'का' या एका प्रश्नावर रोज रात्री न्यायालये भरली, ती स्टुडिओत. दुसऱ्याच रात्री, 15 जूनला, गलवान खोऱ्यात आपले 20 जवान हुतात्मा झाले. साथीने देश हैराण होता. तरी त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात वाहिन्यांवर सर्वाधिक काय चालले हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. एका मुलीला चौकशी पूर्ण होण्याआधीच दोषी ठरवण्यात आले. मृताच्या औषधांची नावे, त्याच्या मनःस्थितीची चर्चा, डॉक्टरांशी झालेले बोलणे, सर्व चव्हाट्यावर आले. त्याच्या नावावर न केलेली ट्वीट दाखवल्याबद्दल वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्याच नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर 2020 मध्ये एका वाहिनीला एक लाख रुपये दंड केला आणि काहींना जाहीर क्षमा मागायला लावली. एक लाख! तेवढ्यात एखाद्या मोठ्या वाहिनीची किती सेकंदांची जाहिरात येत असेल, हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी शोधून पाहावे. सीबीआयने मार्च 2025 मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. तो अहवाल किती वाहिन्यांनी किती मिनिटे दाखवला?

आत्महत्येच्या बातमीत 'का' आणि 'कसे' यांना आवर का घालायचा, याला केवळ सभ्यता हे कारण नाही. त्यात जीव जातात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी 1974 मध्ये दाखवून दिले की पहिल्या पानावर ठळक बातमी आली की त्यानंतर आत्महत्यांची संख्या वाढते. हास्यनट रॉबिन विल्यम्स ऑगस्ट 2014 मध्ये गेल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत बारीकसारीक तपशील सांगितले आणि माध्यमांनी ते जसेच्या तसे दिले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे 10 टक्के, म्हणजे 1,841 आत्महत्या अधिक झाल्या. एका माणसाच्या बातमीमागे इतकी घरे.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. व्हिएन्ना शहरात 1980 च्या दशकात भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या भडक बातम्या येत. 1987 मध्ये तेथील तज्ज्ञांनी वर्तमानपत्रांना मार्गदर्शक सूचना दिल्या, संपादकांनी त्या मानल्या आणि अशा घटना झपाट्याने कमी झाल्या. गायक कर्ट कोबेन 1994 मध्ये गेला तेव्हा त्याच्या सिएटल शहरात वाढ होईल अशी भीती होती. माध्यमांनी त्याच्या संगीताबरोबर मदत कुठे मिळते यावर भर दिला आणि भीती होती तशी वाढ तेथे दिसली नाही. मदतीच्या क्रमांकावरचे फोन मात्र वाढले. व्हिएन्नाच्याच संशोधकांनी 2010 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली: संकटातून सावरलेल्या माणसांच्या हकीकती छापल्या तर त्यांचा चांगला परिणाम होतो. मोझार्टच्या संगीतनाटकात निराश झालेल्या आणि तीन बालकांनी सावरलेल्या पापाजेनो या पात्राचे नाव त्यांनी या परिणामाला दिले आहे.

यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेने सूचना केल्या आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर 2019 मध्ये त्या स्वीकारल्या. बातमी ठळक जागी देऊ नये, पुनःपुन्हा देऊ नये, पद्धत व जागा यांचे वर्णन करू नये, मथळा भडक नसावा, छायाचित्र व चित्रफीत वापरू नये. म्हणजे सुशांतसिंहच्या वेळी नियम नव्हते असे नाही. नऊ महिने आधीच ते लिहिलेले होते. पण वृत्तपत्र परिषदेचा अधिकार छापील पानापर्यंत, दूरचित्रवाणीपर्यंत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या 251 पानी निकालात ही पोकळी ओळखली. स्वतंत्र नियम होईपर्यंत दूरचित्रवाणीनेही अशा बातम्यांत वृत्तपत्र परिषदेच्या सूचना पाळाव्यात असे सांगितले. मृत व्यक्ती दुबळ्या मनाची होती असे रंगवणे, घटनेचे नाट्यरूपांतर करणे, तपास चालू असताना कुणाला दोषी ठरवणे, यांपासून माध्यमांना दूर राहण्यास सांगितले.

मोठ्या वर्गातली मुले विचारतील, मृत माणसाला खासगीपणाचा हक्क असतो का? प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण सुशांतसिंहच्या जीवनावरील चित्रपटाविरुद्ध त्याचे वडील दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जुलै 2023 मध्ये न्यायालयाने म्हटले की हा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही. एक छोटी वाट उघडी आहे. मृताबद्दल असे काही म्हटले की जे तो जिवंत असता तर त्याची बदनामी करणारे ठरले असते, आणि हेतू घरच्यांच्या भावना दुखावण्याचा असला, तर तो बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्ये हे होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. पण सुतकातल्या घराने वकील शोधत हिंडावे, ही अपेक्षा कोण करील? म्हणून बराचसा भार कायद्यावर नसून संपादकाच्या आणि आपल्या विवेकावर येतो.

येथे कुणी असा समज करून घेऊ नये की मृत्यूचा तपशील विचारणेच वाईट. तसे म्हटले तर सत्ताधाऱ्यांची चांगलीच सोय होईल. जयललिता 2016 मध्ये 75 दिवस रुग्णालयात होत्या आणि 5 डिसेंबरला गेल्या. त्या राज्याच्या मुख्यमंत्री होत्या. त्या काळात राज्याचे निर्णय कोण घेत होते, त्यांना नेमके काय झाले होते, हे विचारणे पत्रकारांचे कर्तव्यच होते. शेवटी चौकशी आयोग नेमावा लागला. गायक केके 31 मे 2022 रोजी कोलकात्यातील कार्यक्रमानंतर गेला. सभागृहात माणसे किती कोंबली होती, हवा खेळती होती की नाही, हा तपशील आवश्यक होता, कारण उद्या त्याच सभागृहात आपली मुले जातील. या दोन्ही ठिकाणी तपशिलाचा उपयोग जिवंत माणसांना आहे. टबाच्या खोलीचा उपयोग कुणाला होता, हे कुणी आम्हाला समजावून सांगावे.

संयमाने बातमी देता येते याचे उदाहरण आपल्या गावाशी जोडलेले आहे. लता मंगेशकर यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 चा, इंदूरचा. जानेवारी 2022 मध्ये त्या मुंबईत रुग्णालयात दाखल झाल्या. अफवा तेव्हाही उठल्या आणि कुटुंबाच्या वतीने त्या थांबवण्याची विनंती करावी लागली. पण अधिकृत माहितीची रीत पाहण्यासारखी होती. उपचार करणारे डॉक्टर मधूनमधून दोन-चार वाक्यांत प्रकृती सांगत. 6 फेब्रुवारीला निधनाचे कारणही अशाच एका वाक्यात सांगितले गेले. त्यापुढे कुणाला काही कमी पडले का? त्या दिवशी घराघरांत गाणी लागली होती.

अंत्यसंस्काराच्या वेळचे कॅमेरे हा आणखी एक विषय. सप्टेंबर 2021 मध्ये सिद्धार्थ शुक्ला आणि जून 2025 मध्ये शेफाली जरीवाला गेल्यावर शोकाने कोसळलेल्या जवळच्या माणसांच्या तोंडासमोर कॅमेरे धरले गेले. ब्रिटनच्या पत्रकार संहितेत दुःखात घुसखोरी या विषयाला स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे याची रीत होती. समाचाराला जाणारा माणूस दाराशी आवाज हळू करतो, पाणी घेतो, थोडा वेळ गप्प बसतो, आणि 'कसे झाले हो?' हे घरच्यांनी आपणहून सांगितले तरच ऐकतो. आमच्या लहानपणी असे विचारणाऱ्याला वडीलधारी मंडळी डोळ्यांनी दटावीत. तीच मंडळी आज बैठकीत दूरचित्रवाणीसमोर बसून 'कसे झाले' पाहतात, आणि मुले बाजूला बसून पाहतात की घरात हे चालते.

पालकांना एक महत्त्वाची सूचना. एखाद्या आवडत्या कलावंताच्या अशा मृत्यूनंतर मूल गप्प झाले, सारखे तेच व्हिडिओ पाहू लागले किंवा 'त्याचे बरोबरच होते' असे काही बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि रागावूही नये. जवळ बसून सरळ विचारावे. असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, दिवसरात्र आणि विनामूल्य. हा क्रमांक मुलांनीही आपल्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर लिहावा.

वर्गात करावयाचे काम:

नववी व दहावी: घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातून, मराठी किंवा हिंदी कोणत्याही, एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या नैसर्गिक निधनाची बातमी कापून वहीत चिकटवावी. सहा ककारांपैकी कोणत्या प्रश्नाला किती ओळी दिल्या आहेत ते मोजावे. व्यक्तीच्या कामाला किती ओळी मिळाल्या तेही वेगळे मोजावे.

अकरावी व बारावी: तीच बातमी 80 शब्दांत पुन्हा लिहावी. अट एकच, ती त्या व्यक्तीच्या मुलीला वाचून दाखवता आली पाहिजे. गाळलेल्या प्रत्येक तपशिलापुढे तो का गाळला हे एका वाक्यात लिहावे, आणि न गाळता ठेवलेल्या एखाद्या कटू तपशिलाबद्दल तो ठेवणे का भाग होते हेही लिहावे. वह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मराठीच्या शिक्षिकांकडे द्याव्यात. निवडक बातम्या पुढील अंकात छापू.